पाचव्या कड्यावरचे काटे

"असू शकेल," बाई म्हणायच्या आणि चष्मा कपाळावर चढवायच्या. प्रश्न कोणताही असो. चष्मा वर गेला की समजायचं, या विषयावर आता यापुढे काही मिळणार नाही.

लिफ्ट बंद आहे का? असू शकेल. आज पाणी येणार नाही म्हणे? असू शकेल. एकदा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो होतो. काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता विचारलं, "आपण हयात आहात ना?" बाई खरोखर विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "पुरावा म्हणून तुम्ही काय धरता, त्यावर आहे." मुलानं मान वर केली. आपल्या नोकरीत त्यानं पहिल्यांदाच एखादा पेन्शनर नीट पाहिला असावा.

तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल. सरळ हो म्हणणार नाही, सरळ नाही म्हणणार नाही, आणि आपण त्याला तिरसट म्हणून जिना उतरून निघून जातो. मीही तेच केलं असतं. पण मी धायरीतल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आणि सेक्रेटरीला जिने उतरण्यापेक्षा चढावे जास्त लागतात.

बाई निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आल्या. एकट्याच. आधी कुठंतरी प्राणिशास्त्र शिकवायच्या एवढं सगळ्यांना माहीत होतं. प्राणी म्हणजे नेमका कोणता, हे कुणी विचारलं नव्हतं. ते आम्हाला वासानं कळलं.

दर पंधरवड्याला कोकणातल्या खासगी बसनं स्वारगेटला एक पार्सल यायचं. थर्माकोलचा खोका, भोवती चिकटपट्टी आणि एका कोपऱ्यातून गळणारं पाणी. तो खोका रिक्षानं आमच्या गेटवर यायचा, वॉचमनच्या खुर्चीखाली बसायचा, आणि बाईंना खाली यायला उशीर झाला की अख्ख्या इमारतीला त्याची हजेरी कळायची. पहिल्या मजल्यावरच्या लोकांनी लेखी तक्रार केली की सोसायटीत मासळीचा धंदा चालतो. पाठवणारीचं नाव खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: सुगंधा. हे मी तक्रारदारांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

नोटीस घेऊन मीच गेलो. बाईंनी दार उघडलं, नोटीस हातात घेतली, थोडी लांब धरली आणि परत माझ्याकडे दिली. "अहो सेक्रेटरी, आपणच वाचून दाखवा. लिहिलंय तुम्ही, तुम्हालाच जास्त आवडेल."

मला राग आला. पण पुण्यात राहायचं तर अशा गोष्टींचा राग बाहेर काढण्याआधी मनात जरा मुरू द्यावा लागतो. मी उभ्यानं नोटीस वाचून दाखवली. "मासळीसदृश पदार्थांची साठवणूक व विक्री" या ओळीवर बाईंनी मला थांबवलं.

"मी मासे खात नाही," त्या म्हणाल्या. "अंडंही खात नाही."

"मग हे काय आहे?"

"कालवं. समुद्रातली, शिंपल्यात राहणारी. पण माझं त्यांच्याशी काही काम नाही. मी किड्यांचं बघते."

असं म्हणून त्या आत गेल्या. मीही गेलो, कारण नोटीस अजून पूर्ण वाचून झाली नव्हती. जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. मायक्रोस्कोप, पक्कड, चिमटे, स्टीलच्या वाट्या, लोणच्याच्या बरण्या. बरण्यांवर चिठ्ठ्या होत्या आणि प्रत्येक चिठ्ठीखाली लाल शाईनं लिहिलं होतं: खाऊ नये. घरी येणाऱ्या माणसांचा बाईंना तेवढा भरवसा होता.

"बसा," त्या म्हणाल्या. "डोळा लावा. हात लावू नका."

मी पाहिलं. शिंपल्याचा एक तुकडा, त्यात शेजारी शेजारी दोन बारीक भोकं. एका भोकातून दोन मिशा बाहेर आल्या, पाण्यात इकडे तिकडे हलल्या आणि आत गेल्या. परत बाहेर आल्या. मी नोटीस टेबलावर ठेवली, ती पुढे कितीतरी दिवस तिथंच राहिली.

आता हा किडा काय करतो ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून बाई कळणार नाहीत. हा कालवाला खात नाही. त्याचं जेवण पाण्यातून येतं. त्याला फक्त घर हवं असतं. तो शिंपल्यात एक वळणाचं बीळ पोखरतो, एका भोकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर, आणि त्यात चिखल भरतो. आतल्या कालवाला हे कळतं. त्याला दुसरं काही करता येत नाही, म्हणून ते आतून भिंतीला गिलावा करत बसतं. चिखलावर शिंपल्याचा पातळ थर, म्हणजे एक काळा फोड. किडा पुढे पोखरतो, कालव पुढे गिलावा करतं. सगळी ताकद त्यातच जाते आणि कालव भरत नाही. मग हॉटेलात कुणी हौसेनं ते उघडतं, सुरी फोडाला लागते आणि ताटात चिखल येतो. खाणाऱ्याला अपाय होत नाही, पण खाणारा परत येत नाही. एक ताट परत गेलं की घेणारा सगळा माल परत पाठवतो.

"म्हणजे पोटभाडेकरू," मी म्हणालो.

"पोटभाडेकरू भिंती पोखरत नाही."

"आमच्या मामांचा पोखरायचा."

बाईंनी चष्मा वर चढवला. "असू शकेल."

मी हडपसरला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आमच्याकडे ओतीव भाग येतात. लोखंड ओतताना आत हवा अडकली की भोक राहतं, वरून कधी दिसतं, कधी दिसत नाही. ती भोकं शोधणं हेच माझं काम. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा चहा विचारला. "भोक सापडल्यावर काय करता?"

"खडूनं त्याच्याभोवती गोल करतो. भोक मोठं असलं तर फुली. मर्यादेत असलं तर शेजारी लिहितो, 'चालतं'. जुन्या लोकांची पद्धत आहे, अजून मराठीतच लिहितो."

"भोक आहे तरी चालतं?"

"कामाला अडचण येणार नसेल तर चालतं. नाहीतर एकही भाग बाहेर जायचा नाही."

"'चालतं' हा काही शास्त्रीय शब्द नाही," बाई म्हणाल्या. चहा मात्र चांगला होता.

तेव्हापासून स्वारगेटचं पार्सल मीच आणू लागलो. नोटिशीचं काय झालं, असं पहिल्या मजल्यानं विचारलं की मी विषय तपासाधीन आहे म्हणायचो. आमची ही म्हणाली, तुम्ही सेक्रेटरी आहात की हमाल? मी म्हटलं, असू शकेल. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाईंची सवय लागायला वेळ लागत नसे, सुटायला लागे.

त्यांच्याबरोबर मंडईत जाणं हा एक वेगळाच अनुभव होता. आपण भोक नसलेलं वांगं शोधतो. बाई भोक असलेलं शोधायच्या, उचलायच्या, उजेडात फिरवून बघायच्या आणि पिशवीत टाकायच्या. भाजीवाली कळवळून म्हणाली, "अहो बाई, किडकं आहे ते."

"म्हणून तर."

भाजीवालीनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. पुढच्या वेळेपासून ती बाईंसाठी किडकी वांगी बाजूला काढून ठेवू लागली आणि त्यांचा भावही तिनं कमी केला नाही. भाजी मात्र बाई दुसऱ्या वांग्यांची करायच्या.

किडे जिवंत ठेवायला समुद्राचं पाणी लागायचं. तेही त्याच बसनं यायचं, पाण्याच्या जुन्या बाटल्यांमधून. धायरीत टँकरचं पाणी सगळ्यांकडे येतं, समुद्राचं फक्त बाईंकडे यायचं. एकदा वॉचमननं भल्या मनानं त्यातली एक बाटली सोसायटीच्या जास्वंदीला घातली. जास्वंद गेली. वार्षिक सभेत यावर चर्चा झाली. बाईंनी उभं राहून सांगितलं की झाड पाण्यामुळे गेलं असू शकेल, पण ते आधीपासूनच जाण्याच्या बेतात होतं असंही असू शकेल. इतिवृत्तात काय लिहावं ते मला कळेना, म्हणून मी "चर्चा झाली" एवढंच लिहिलं.

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं होतं. पण सुगंधा म्हणजे फक्त खोक्यावरचं नाव नव्हतं. ती मालवणकडच्या एका खाडीत कालवं वाढवणाऱ्या बायकांच्या गटाची प्रमुख होती. बांबूचे तराफे, त्यांना टांगलेले दोर, दोरांवर कालवं. बाईंची आणि तिची ओळख कुठल्याशा प्रशिक्षणात झालेली. ती दर वेळी थोडी कालवं पाठवायची आणि बाई त्यांत कोण राहतं ते सांगायच्या. मी तिला पाहिलं नव्हतं. स्पीकरवर आवाज ऐकला होता, मोठा आणि मोकळा, मागे वारा.

त्या फेब्रुवारीत तो आवाज बारीक झाला. "मॅडम, आतसून काळे फोड इलेत. खूप. फोडल्यार चिखल येता."

खोका आला. बाईंनी शिंपले फोडले. एकही कोरा नव्हता.

अडचण अशी होती. त्या वर्षी गटानं कालवांची पिल्लं, ते लोक त्याला बी म्हणतात, पहिल्यांदाच बाहेरून आणली होती. फोड जर खाडीतल्या आपल्या नेहमीच्या किड्याचे असतील, तर उपाय होता. कालवं बाहेर काढायची, गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची, सावलीत वाळवायची, परत टांगायची. किडे मरतात, कालव तोंड मिटून तग धरतं. पण किडा जर त्या बियाण्याबरोबर बाहेरून आलेला असेल, तर सगळे दोर उपसून शिंपले किनाऱ्यावर उकळणं हाच मार्ग. कारण तो खाडीत पसरला असता.

"शेजारच्या गटाचे दोर थंयच आसत," सुगंधा म्हणाली. "आमच्यामुळे त्येंका लागलो तर आमका तोंड दाखवूची सोय रवाची नाय. मॅडम, किडो भायरचो आसा काय आपलो? तुमी सांगशात तसा करू."

"बाहेरचा असू शकेल," बाई म्हणाल्या. "आपलाही असू शकेल. बघते."

पुढच्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. सुगंधा रोज फोन करायची आणि रोज एकच प्रश्न विचारायची. इकडे उत्तर नव्हतं आणि तिकडे रोज भरतीचं पाणी तिच्या दोरांवरून शेजारणीच्या दोरांकडे जात होतं. आता मला बाईंचा राग येऊ लागला. आपल्या घरातला पंखा बंद आहे की चालू, यावर असू शकेल म्हणणं ठीक आहे. हे ठीक नव्हतं. मी तसं त्यांना म्हणालो.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मग काढून टेबलावर ठेवला. "मला दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"काय दिसत नाही?"

"काहीच नीट दिसत नाही. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत." मग, चहात साखर जास्त झाली असं सांगावं तशा सुरात, "डॉक्टर म्हणतात, करून टाका. मी म्हटलं, सीझन संपू दे."

तेव्हा मला ती पहिली नोटीस आठवली. आपणच वाचून दाखवा. मी इतके महिने तो टोमणा समजून सांभाळला होता.

किड्याची ओळख त्याच्या पाचव्या कड्यावर असते. त्याचं अंग कड्याकड्यांचं, आणि पाचव्या कड्यावर जाड काट्यांची रांग. त्या काट्यांची टोकं कशी आहेत, त्यावर किडा कोण ते ठरतं. साधं टोक म्हणजे बाहेरचा. टोकाशेजारी एक छोटा दात म्हणजे आपला. सगळा निकाल एवढ्याशा दातावर. केसाहून बारीक गोष्ट, आणि बाईंना ती धुक्यातून बघावी लागत होती.

"आपण बघा," त्या म्हणाल्या. "तुमचा डोळा तपासणीतला आहे. काय आहे ते सांगू नका. काय दिसतं ते सांगा."

मी बघू लागलो. कंपनीतून आलो की आधी वर बाईंकडे, मग घरी. डोकं कुठलं, शेपूट कुठली इथपासून सुरुवात होती. बाई शेजारी खुर्ची घेऊन बसायच्या आणि विचारायच्या. कडी मोजली? काटे दिसले? रंग कसा? टोक? मी एक एक किडा बघून सांगत गेलो. टोक साधं. टोक साधं, गोलसर. दात? दात नाही. आणखी एक घ्या. साधं. दात नाही.

शेवटी बाई म्हणाल्या, "पुरे."

त्यांनी फोन लावला. "सुगंधा, बाहेरचा आहे. सगळे दोर काढा. शिंपले उकळा, पाणीही खाडीत टाकू नका."

सुगंधा म्हणाली, "बरां." आणि फोन ठेवला.

एखाद्या प्रश्नाला सरळ "आहे" हे उत्तर बाईंच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, चला, एकदाचं माणूस ठाम बोललं. मी खूश होऊन घरी गेलो. तिकडे कुणाचं काय होणार आहे, ते मनात आलं नाही असं नाही. आलं, पण निकाल लागल्याचं समाधान त्याहून मोठं होतं. तपासणी विभागातल्या माणसांचं असं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीतून तापलेलाच आलो. एका ऑपरेटरनं झिजलेलं ड्रिल न बदलता अख्खी पाळी चालवली होती आणि सगळी भोकं मापाबाहेर गेली होती. बाई चहा करत होत्या आणि मी बडबडत होतो. "झिजलेलं टूल बघून कळतं तरी का, नवीन असताना कसं होतं? सगळी झिजलेली टूलं सारखीच दिसतात. टोक गोल, गुळगुळीत."

बाईंनी गॅस बंद केला. चहा अर्धवट उकळलेला होता.

"काट्यांचं टोक कसं होतं म्हणालात?"

"साधं. गोलसर."

"गोलसर की झिजलेलं?"

मी विचार केला. "झिजलेलं. कामातलं. पण ते तुम्ही विचारलं नव्हतं. आमच्याकडे टूल झिजणं हा दोष धरत नाहीत, वापर धरतात."

बाई टेबलाशी जाऊन बसल्या. हा किडा त्या काट्यांनी बिळात टेकून राहतो, घासतो, आणि घासून घासून काटे झिजतात. दात असला तर तो पहिला जातो. हे त्यांनी जन्मभर मुलांना शिकवलं होतं. पहिल्या तासालाच सांगायच्या, असं त्या म्हणाल्या. फक्त त्या स्वतः बघत असताना हे कुणाला विचारायची वेळ आली नव्हती. डोळा बघायचा आणि मन आपोआप झीज वजा करायचं. माझ्या डोळ्यामागे ते मन नव्हतं.

"रांगेच्या मागच्या टोकाला बघा," त्या म्हणाल्या. "नवे काटे तिथं कातडीखाली तयार होतात. अजून बाहेर न आलेले. त्यांची झीज झालेली नसते."

मी बघितलं. कातडीखाली एक काटा होता, कोरा. टोकाशेजारी एक छोटासा दात होता.

"दात आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"आहे."

दुसरा किडा. दात आहे. तिसरा. आहे.

किडा आपलाच होता. दोर काढायची काही गरज नव्हती.

सुगंधाचा फोन लागेना. खाडीवर गेलं की तिच्या फोनला रेंज नसे. बाई लावत राहिल्या. नंबर त्यांना तोंडपाठ होता, पण बोटं चुकत होती, म्हणून मी लावू लागलो. शेवटी धक्क्यावरच्या दुकानदाराचा नंबर मिळाला. तो म्हणाला, बायका तर सकाळच्या ओहोटीपासून तराफ्यावर आहेत, मोठे टोप चढवलेत, दिसतोय इथून धूर. त्याला म्हटलं, ओरडा. तो धक्क्याच्या टोकाशी गेला आणि ओरडला. पुण्यात धायरीत टेबलापाशी बसून आम्ही ते ओरडणं ऐकत होतो.

बऱ्याच वेळानं सुगंधा फोनवर आली. धापा टाकत होती.

"सुगंधा, मी चुकले आहे," बाई म्हणाल्या. "किडा आपलाच आहे. दोर काढू नका."

ती म्हणाली, "मॅडम, अर्धे काढले. उकळूनव झाले."

"बाकीचे ठेवू मां?" सुगंधानं विचारलं.

"ठेव."

"बरां," ती म्हणाली. कालच्यासारखंच.

फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या." मी म्हटलं, चूक माझीपण आहे. त्या म्हणाल्या, "आपण जे दिसलं ते सांगितलंत. जे विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही." आणि यावर चष्मा कपाळावर चढवला नाही. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि फार आदरही. दोन्ही एकदम वाटलं की माणसानं काय करावं ते मला कळत नाही. मी अर्धवट उकळलेला चहा गाळला आणि आम्ही तो प्यायलो.

त्याच महिन्यात त्यांनी एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. दुसऱ्यासाठी थांबल्या नाहीत. मायक्रोस्कोप एका डोळ्यानंच बघायचा असतो, त्या म्हणाल्या. हिरवी पट्टी सुटली तशी बॅग भरली. मी स्वारगेटला सोडायला गेलो. ज्या बसनं इतके दिवस खोके यायचे, त्याच बसनं त्या गेल्या.

"आपण पूर्वी गेला असालच कोकणात," बस सुटण्याआधी मी म्हणालो.

"सहलीला. वर्गातल्या मुलींना घेऊन." त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "मी किडे पुण्यात मागवत गेले. ते कुठं राहतात ते बघायला गेले नाही."

मी म्हटलं, पुण्यात समुद्र नाही, त्याला आपण काय करणार. त्या म्हणाल्या, ती काही समुद्राची चूक नाही.

पोहोचल्यावर आठवड्यानं फोन आला. त्या ओहोटीच्या वेळी स्वतः तराफ्यावर गेल्या होत्या. ओहोटीला पाणी उतरलं की दोरांची टोकं चिखलाला टेकत होती. किडा चिखलातला. तो वर चढत होता, एवढंच. दोर आखूड करायचे होते. "एवढीच गोष्ट," त्या म्हणाल्या. "दोर किती लांब आहेत, हे मी इतक्या वर्षांत तिला एकदाही विचारलं नाही. मी काट्यांचं विचारत होते."

मला वाटलं, महिनाभरात येतील. त्या आल्या नाहीत. सुगंधाच्या घराशेजारी एक खोली होती, तिथं राहिल्या. उरलेली कालवं गोड्या पाण्यात बुडवणं, वाळवणं, परत टांगणं, सगळं त्यांच्यासमोर होऊ लागलं. नवं बी आलं, तेव्हा आधी मायक्रोस्कोपखालून गेलं. वर्ष उलटलं. पुण्याला फोन करायच्या तो फक्त हयातीच्या दाखल्याच्या वेळी. बँकेच्या मुलानं त्यांची चौकशी केली, हे मी त्यांना सांगितलं. "कुठला पुरावा धरला त्यानं?" त्यांनी विचारलं.

आमच्या सोसायटीत आता वास येत नाही. याबद्दल एकही लेखी तक्रार आलेली नाही. वॉचमननं मात्र मला एकदा विचारलं की खोके का येत नाहीत. जास्वंद आम्ही परत लावली आहे, ती बरी आहे.

गेल्या एप्रिलमध्ये सुगंधाचा फोन आला, सकाळी, मी कंपनीत असताना. यंत्रांच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून मी बाहेर आलो.

"मॅडम गेले," ती म्हणाली. "सकाळी हाक मारली, उठाक नाय."

मी कारखान्याच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. पुढचं तिनंच सांगितलं. आदल्या दिवशी काढणी सुरू झाली होती. पहिलं कालव बायकांनी बाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडून आतला शिंपला उन्हात धरला, चष्म्याशिवाय, किती तरी वेळ फिरवून बघितला. बायका वाट बघत उभ्या. मग बाईंनी आतलं मांस सुगंधाच्या हातावर ठेवलं, शिंपला पदरात पुसला आणि म्हणाल्या, "माल जाऊ दे."

"आणि खाल्लं का त्यांनी?" मी विचारलं. का विचारलं माहीत नाही.

"नाय ओ. ते शाकाहारी मां," सुगंधा म्हणाली आणि रडू लागली. मग मीही रडलो. बाहेर येऊन रडायला जागा बरी होती, ट्रक उभे असतात तिथं कुणी येत नाही.

दोन दिवसांनी स्वारगेटहून रिक्षा आली. थर्माकोलचा लहान खोका, चिकटपट्टी, पाणी गळत नव्हतं. वासही नव्हता. वॉचमननं तो खुर्चीखाली न ठेवता हातात धरून ठेवला होता. खोक्यावर माझं नाव होतं, मोठ्या अक्षरांत, बाईंच्या हातचं. जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळीच त्यांनी तो बसवाल्याकडे दिला असणार.

आत कापसात एक शिंपला होता. मी तो खिडकीशी नेला. आतून पांढरा, स्वच्छ. फोड नव्हता. बोट फिरवून पाहिलं, कुठं अडकलं नाही. मग आमच्या तपासणीच्या सवयीनं मी तो उलटा केला आणि बाहेरून, कडेकडेनं बघू लागलो. एका कडेला दोन बारीक भोकं होती, शेजारी शेजारी. बाईंच्याच किड्याची. तो होताच. फक्त आत शिरला नव्हता.

त्या दोन भोकांभोवती पेन्सिलीनं एक गोल काढला होता, आणि शेजारी लिहिलं होतं: चालतं.